चांगुणाबाईची मिठी

चि. तारा आणि चि. ईशान,

तुमच्या शाळेमागच्या चर्चच्या आवारातला तो गवताचा लांबट उंचवटा मी पाहिला आहे. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुमची आई मला तिथल्या बाकावर बसवून दुकानात जायची. आवारात सगळीकडे नावं कोरलेले दगड उभे होते आणि त्या एका कोपऱ्यात नुसतं गवत. मला वाटलं, जागा शिल्लक असेल. परवा फोनवर तारा म्हणाली, "आजी, त्या गवताखाली कॉलऱ्याने मेलेली माणसं आहेत. गिरणीत काम करणारी. सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं. आणि आमच्या बाई सांगत होत्या, प्रेतांची गाडी आली की लोक फाटकाशी उभे राहून दगड मारायचे. मेलेल्या माणसाला दगड का मारायचे गं?"

मी म्हटलं, लिहून कळवते. असे दगड मी माझ्या ओट्यावरून उडताना पाहिले आहेत. तुम्ही दोघं घरात कोंडून संगणकावर शाळा शिकत होतात त्या वर्षी. त्या दगडांसमोर एक बाई उभी होती, तिच्याबद्दल लिहिते. तिचं नाव चांगुणा.

आपलं घर खाडीच्या तोंडाशी आहे, ओट्यावरून जेटी दिसते आणि कुंपणापलीकडे कोळीवाडा सुरू होतो, हे तुम्हाला आठवत असेल. मी लग्न होऊन इथे आले आणि म्हसळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, त्याच सुमाराला चांगुणाबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली. उंच, रुंद हाडाची, दातांना मिश्री लावलेली, हातांवर शेंगटी माशाच्या काट्यांचे पांढरे वण. मी नवी होते. विचारलं, "ताजे आहेत ना?"

तिने एक बांगडा शेपटीला धरला आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या पायरीवर असा आपटला की खवले माझ्या साडीवर उडाले.

"बघा डोलं त्याचं. बाई, शिलं खपवाया मी काय शालंत शिकवते?"

माझ्या सासूबाई आतून हसल्या. त्या दिवसापासून ती पुढची अनेक वर्षं आपल्याकडे मासळी देत आली, आणि एकदाही मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

चांगुणाबाई मारायची, हे तिच्याबद्दल सगळ्यात आधी सांगायला हवं. कुत्र्याला, पोराला, नवऱ्याला, परक्याला, हातात येईल त्याने. तिचं म्हणणं असायचं, "तोंडानं सांगून आयकतो त्यो मानूस न्हाय, देव. आन देव आपल्या वाड्यात ऱ्हात न्हाय." शिव्या ती रागात देत नसे. शिव्या तिच्या रोजच्या बोलण्यात असत. राग आला की ती गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की वाड्यातल्या बाया पोरं आत घ्यायच्या.

तिचा नवरा धाकू दारू पिऊन तिला मारायचा. तिच्या संसाराच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आवाज आमच्या माजघरापर्यंत यायचा. एका दुपारी तो पिऊन अंगणात पसरला असताना तिने जुनं जाळं आणून त्याच्यावर घातलं आणि जाळी सांधायच्या सुईने ते कडेने शिवत गेली. घाई नाही, गडबड नाही. वाड्यातल्या बायांना वाटलं, जाळं दुरुस्त करतेय. शिवून झाल्यावर तिने वल्हं उचललं. धाकू जागा झाला तो जाळ्यात, पापलेटासारखा. चौघींनी ओढलं तेव्हा ती थांबली. पुढे तो जन्मभर एका पायाने जरा लंगडत चालला आणि तिला "अगं" ऐवजी "अवो" म्हणायला लागला. तो वारला तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या लंगडण्यावरून हसला. चांगुणाबाईने तिरडी चालू असतानाच पुढे होऊन त्याचं मुस्काट फोडलं आणि पुन्हा बायांत येऊन रडायला लागली.

एकदा मी श्रीवर्धनच्या एसटीत होते. एका बाप्याने कॉलेजच्या पोरीला कोपर लावलं, मुलगी सरकली, तो पुन्हा सरकला. चांगुणाबाई मागच्या बाकावर, बाजार आटपून रिकाम्या पाट्या घेऊन बसलेली. रिकाम्या म्हणजे मासळी संपलेली, खालचं पाणी होतं. ती उठली आणि ते सगळं पाणी तिने त्याच्या डोक्यावर ओतलं. वर पाटी उलटी घालून दोन बुक्क्या दिल्या. अख्खी गाडी नाक धरून खाली उतरली.

कंडक्टर ओरडला, "अहो मावशी, गाडी सरकारी आहे!"

"मंग ह्याला सरकारी तिकीट फाड. पोलीस ठान्यावर उतरवायचाय."

पण ती नेहमी बरोबर असायची असं मुळीच समजू नका. तिची सून सुगंधा माझी विद्यार्थिनी होती. शांत, अक्षर सुरेख. चुलीवरचं कालवण करपलं म्हणून चांगुणाबाईने तिला एक थप्पड मारली, आणि तेव्हापासून सुगंधाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी त्याबद्दल बोलायला गेले तर म्हणाली, "बाई, तुमी छडी मारत व्हता ना पोरांना? का हात जोडत व्हता?" पुढे तिने सुनेला काही कमी केलं नाही. माफीही मागितली नाही. सासू डाव्या बाजूने आली की सुगंधा नंतरही दचकायची.

आता होडीबद्दल. धाकूच्या पश्चात होडी तिच्या नावावर होती आणि मुलगा हरेश तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. आपल्याकडे आता वाड्यातली तरुण मुलं होडीवर जायला मागत नाहीत, ती मुंबई-पनवेलला नोकऱ्या शोधतात. म्हणून खलाशी नेपाळहून येतात. प्रत्येक नेपाळ्याला गाव बहादूर म्हणतं. चांगुणाबाईच्या होडीवर दोघं होते, दिल आणि मनबीर. मनबीरला ती मन्या म्हणायची. त्याला पोहता येत नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिने त्याला कमरेला दोर बांधून जेटीवरून खाडीत ढकललं, चार घोट पाणी प्यायला दिलं, वर ओढलं, पुन्हा ढकललं. आठवड्याभरात तो पोहायला शिकला. "आई मारती पण जेवायला पैलं देती," असं तो त्याच्या मोडक्या मराठीत मला सांगायचा.

त्या वर्षी टाळेबंदी लागली, मग मासेमारीला थोडी सूट मिळाली आणि होडी चार दिवसांसाठी बाहेर गेली. तिसऱ्या दिवशी मन्याला ताप चढला. चौथ्या दिवशी सकाळी तो मेला. कशाने, ते आजही कुणाला माहीत नाही. कुणी तपासलंच नाही.

आता यात कोळ्यांनाच सुचेल अशी एक गोष्ट घडली. ऊन कडक, किनारा लांब. हरेश आणि दिल यांनी मन्याला ताडपत्रीत गुंडाळलं आणि खालच्या खणात बर्फात ठेवलं. दर्यावर जे टिकवायचं ते बर्फात, एवढंच त्यांना ठाऊक. मासळी वरच्या खणात होती. किनारा जवळ आल्यावर फोन लागला तेव्हा हरेशने काकाला, म्हणजे धाकूचा भाऊ भिवा याला, सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, "मासलीला काय नाय झाला, ती वरती हाय."

भिवा वाड्याचा पुढारी. अर्ध्या तासात सगळा वाडा जेटीवर होता. या माणसांना मी ओळखते. त्यातले निम्मे माझ्याकडे शिकलेले. ते दुष्ट नव्हते, तारा. त्यांच्या डोक्यात एकच होतं: ही बातमी श्रीवर्धनच्या बाजारात पोचली की आपल्या गावची मासळी कुत्रंसुद्धा खाणार नाही. आणि ताप होडीतून उतरून घराघरात शिरेल. त्या दिवसांत शेजाऱ्याच्या खोकल्याने सुद्धा माणसं दारं लावत होती.

होडी जेटीला लागायच्या आधीच पहिला दगड गेला. मग पाऊस पडावा तसे. दिलचं डोकं फुटलं, तो सुकाणूशीच खाली बसला. हरेशने होडी मागे घेतली आणि पाण्यात उभी केली. मी ओट्यावरून सरकारी दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस थकलेला होता. म्हणाला, "गाडी एकच आहे, कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही गावात बघून घ्या." पोलीसपाटील येऊन लांब उभा राहिला, पंचनामा लांबूनच झाला आणि तो म्हणाला, गावच्या स्मशानात नको, बाकी कुठेही पुरा.

चांगुणाबाई आली ती चुलीवरून उठून, हाताला पीठ तसंच. भिवा कोयता घेऊन जेटीच्या तोंडाशी उभा होता.

"वैनी, मढं हितं उतरायचं न्हाय."

"कोनाचं मढं? नाव घे."

"नेपाल्याचं. आपल्यातलं न्हाय ते."

"तीन वर्सं माज्या होडीचा भात खाल्ला त्यानं. होडीवर मेला त्यो होडीचा. तुज्या बापानं काय शिकवलं व्हतं तुला? का फकस्त कोयता दिला हातात?"

आमच्या कोळीवाड्यात ही जुनी रीत आहे. होडीवर जो मरेल त्याचं सगळं होडीच्या मालकाने करायचं, घरच्या मुलाचं करावं तसं. पूर्वी खलाशी भाऊबंदच असायचे, त्यामुळे रीत पाळणं सोपं होतं. परक्याच्या बाबतीत ती कधी कसाला लागली नव्हती. त्या दिवशी लागली.

गर्दीतून कुणी ओरडलं, "भात तू घातलास, मंग तुज्याच घरात पूर त्याला!"

"तुज्या आयशीला पुरते आधी," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

कमरेइतक्या पाण्यातून ती होडीपर्यंत गेली. दगड आजूबाजूला पडत होते. होडीवर चढली तेव्हा हरेशने तिचा हात धरला. तो काय म्हणाला ते त्यानेच नंतर सगळ्यांना सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. "आये, आयक माजं. होडी बाहेर काढतो, दर्यात सोडून देऊ. कोनाला कलनार न्हाय. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

ती गप्प झाली.

हरेश वळून खणात वाकला आणि ताडपत्रीला दोर आणि दगड बांधायला लागला. तिने वल्हं उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यावर आला नाही, पण हरेशची किंकाळी आली. तांडेलाचा उजवा हात. एकुलता एक मुलगा. किनाऱ्यावरचे दगड तिथल्या तिथे थांबले.

मग ती आणि रक्ताळलेला दिल यांनी मन्याला खणातून वर काढलं, पाण्यात उतरवलं आणि तरंगत काठाला आणलं. ताडपत्रीतून बर्फाचं पाणी गळत होतं. भिवा पुन्हा समोर आला. कुणीतरी मागून दगड मारला, तो तिच्या कपाळावर बसला आणि भुवईपासून रक्त खाली आलं. तिने ते पुसलं नाही. ताडपत्री खाली वाळूवर ठेवली, सोडली, मन्याचा बर्फाने कडक झालेला चेहरा दोन्ही हातांत धरून त्याच्या कपाळाला ओठ लावले. मग उठली.

"लागला मला ताप," ती म्हणाली. "आता बोला. कोनाला पायजे? भिवा, तू ये. लगनात मला मिठी मारायची लय हौस व्हती ना तुला? ये भावजी, ये!"

आणि दोन्ही हात पसरून ती भिवाच्या अंगावर धावली. भिवा पळाला. कोयता टाकून पळाला. ती दुसऱ्याकडे वळली, तिसऱ्याकडे. तोंडभर रक्त, ओलं लुगडं, पसरलेले हात, आणि एकेकाचं नाव घेऊन हाका: "ये रं नाम्या! ये गं शेवंते, तुजं बालंतपन म्या केलं, ये, गल्याला लाग!" दगड, काठ्या, कोयते घेतलेला सगळा वाडा त्या एका बाईच्या मिठीला घाबरून गल्ल्यांतून धावत सुटला. दोघं एकमेकांत अडकून पडले, त्यांच्यावरून बाकीचे गेले. दारं आपटल्याचे आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत राहिले.

गावाबाहेर सुरूच्या बनाखाली वाळूचा उंच बांध आहे. दर्याने आणून टाकलेली अनोळखी प्रेतं पूर्वीपासून तिथे पुरतात. तिथे तिने आणि दिलने मन्याला पुरलं. हरेशला रिक्षातून माणगावला नेलं, हात जोडला, आणि तिथून तो थेट सासुरवाडीला गेला. सुगंधा सामान घ्यायला आली तेव्हा ती सासूशी एकच वाक्य बोलली: "आता एक हात आन एक कान झाला, आत्या."

गावाने सूड घेतला. ती आणि दिल आत असताना तिच्या दाराला बाहेरून फळ्या ठोकल्या. छपरावर दगड पडत राहिले. तिची जाळी अंगणातच भर दिवसा कोयत्यांनी चिरली, सावकाश, हातभर हातभर करून, आणि ती आत बसून फटीतून बघत होती. मी कुंपणावरून तिच्या मागच्या खिडकीत पेज आणि भाजी देत असे. ती विचारायची, "बाई, तुमाला भीती न्हाय?" मी म्हणायचे, "आहे. हात लांब करा, डबा ठेवते." तिला ताप आला नाही. वाड्यात कुणालाच आला नाही. त्यामुळे कुणी तिला क्षमा केली असं मात्र झालं नाही.

मग जूनच्या सुरुवातीला ते वादळ आलं. त्याबद्दल मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं होतं. आपल्या घराची कौलं गेली, गावातल्या सुपारीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या, होड्या एकमेकींवर चढून फुटल्या. चांगुणाबाईच्या दाराच्या फळ्या वाऱ्याने उपटून नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणाशी आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"बाई, दर्यानं बांध खाल्ला."

मला आधी कळलं नाही.

"मन्या वर आलाय. निली ताडपत्री दिसतेय. कुत्री जमल्यात." मग म्हणाली, "पुरून ऱ्हात न्हाय त्यो. त्याची आय फोनवर रडत व्हती, आमच्यात जालतात म्हनाली. म्या म्हनलं, लाकूड कोन देनार तुज्या पोराला? आता बघा." तिने आपल्या आवाराकडे बोट दाखवलं. आपला मोठा आंबा, ज्याला तुमच्या बाबांचा झोपाळा होता, मुळासकट पडला होता. "तुमचा आंबा मी नेते."

"न्या," मी म्हटलं.

दिल कुऱ्हाड चालवत होता आणि ती ओंडके ओढत होती. ओंडक्याला दोर, दोर छातीवरून. भिवाच्या घराला छप्पर नव्हतं, तो पावसात भांडी गोळा करत होता. तिच्याकडे बघून त्याने मान खाली घातली. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. स्मशानाची शेड वादळाने उडवली होती, फाटक कुलपासकट पडलं होतं. तिने ओंडके त्यावरून ओढत आत नेऊन रचले, मग दिलबरोबर मन्याला ताडपत्रीसकट आणून त्यांवर ठेवलं.

ओला आंबा पेटेना. ती काड्या ओढत होती आणि शिव्या देत होती. तेवढ्यात रस्त्यावरून हरेश आला. वादळाने होडी गेल्याचं कळून तो चालत आला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात डिझेलचा डबा, फुटलेल्या होडीच्या टाकीतून काढलेला. आईपासून दहा हात लांब त्याने तो ठेवला आणि मागे सरकून उभा राहिला. तिने डबा उचलला, हलवून बघितला आणि सगळा ओतला. "ये" म्हणाली नाही. "जा" पण म्हणाली नाही.

पुढच्या आठवड्यात ती उरणकडे बहिणीच्या घरी गेली. तिथेच पुढच्या वर्षी वारली, असं सुगंधाने मला सांगितलं. हरेशने जाऊन सगळं केलं, डाव्या हाताने. मला ती शेवटची दिसली ती त्या चितेच्या दिवशी.

आमच्यात बाया स्मशानात जात नाहीत. मी पडलेल्या फाटकापाशी छत्री घेऊन थांबले होते. डिझेलने एकदम भडका घेतला आणि चांगुणाबाईच्या पदराला झळ लागली, तरी ती हटली नाही. लांब बांबू घेऊन ती ओंडके आत लोटत होती, जोराने, मारल्यासारखी. एक ओंडका घसरला, तो तिने लाथेने परत बसवला. धुरामुळे तिचे डोळे लाल झाले होते आणि ती जाळाच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडत होती. दिल मागे उभा राहून हात जोडत होता, हरेश वाकून बघत होता, आणि ती मन्याला म्हणत होती, "जल आता! जल रं भाड्या, नीट जल! आन पुन्ना जन्माला येशील तर पोहायला शिकून ये!"